जोडव्यांच्या जागी बांधलेला दोरा

माझे पाय सुजले तेव्हा आमच्या आसेगावच्या घरी आनंद झाला होता. मी गावच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि लग्नात माझ्या अंगकाठीवरून पुष्कळ चेष्टा झाली होती. "मास्तरीन आनली का बोरूची काडी?" असं शेजारच्या काकूंनी भर मांडवात विचारलं होतं. त्यामुळे सातव्या महिन्यात माझे हात, पाय, चेहरा भरू लागले तेव्हा सासूबाईंना धन्यता वाटली. येईल त्या बाईला त्या माझे पाय दाखवत. "आमच्या घरचं जेवन लागलं वं तिले," म्हणत.

मला मात्र त्या पायांची भीती वाटे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माझं माहेर आईविना होतं. मी चौथीत असताना आई तिच्या शेवटच्या बाळंतपणात गेली. त्या आधी तिच्या वहाणा तिच्या पायांत जाईनात, हे मला आठवत होतं. मग तिला झटके आले. घरच्यांनी बाहेरचं काही लागलं म्हणून धूप घातला, अंगारा लावला. बाळही राहिलं नाही. वडिलांनी मला पुढे शिकवलं ते तिच्या इच्छेखातर. तर शाळेत एक दिवस माझी चप्पल पायात जाईना, आणि फळ्यावर मीच लिहिलेली अक्षरं मला हलताना दिसू लागली. घरी येऊन मी मालकांना आईचं सगळं सांगितलं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतच झालेलं, पण त्यांनी एवढंच विचारलं, "मंग आतालोक काहून नाई बोलली?" दुसऱ्या सकाळी त्यांनी गाडी जुंपली. सासूबाई सोबत आल्या.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. कणकेच्या गोळ्यावर दाबावं तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. मग दंडाला कापडी पट्टा गुंडाळून त्यांनी हवा भरली, पारा पाहिला, पुन्हा एकदा पाहिला.

"हे अंग भरणं नाही, सूज आहे," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "पोटुशीपणात हिचा रक्तदाब फार चढला आहे. झटके येऊ शकतात. आई आणि मूल दोघांनाही धोका आहे. हिला इथेच ठेवा. पडून राहायचं, मीठ बंद. आणि ही जोडवी आजच काढा."

जोडवी बोटांत रुतून बसली होती आणि बोटं काळीनिळी झाली होती. तेल लावून, साबण लावून ती हलेनात. कापावीच लागणार होती. सासूबाईंनी माझ्या पायांवर पदर टाकला.

"नवरा बाहीर बसला हाय अन् जोडवे कापू?"

मालक दारातून आत आले. "माय, मी तुह्यासमोर उभा हाओ. जित्ता हाओ. हात लावून पाह्य."

"अभद्र बोलू नोको."

"मंग माह्या जिवासाठी तिनं मरावं काय?"

सासूबाईंनी माझ्या पायांवरचा पदर मागे घेतला. बाजारातून सोनाराला बोलावलं. तोही कातर हातात घेऊन त्यांच्याकडेच बघत बसला. त्यांनी मान हलवली तेव्हा त्याने चांदी कापली. सासूबाईंनी ते तुकडे पदराच्या टोकाला बांधले. मग कनवटीच्या पिशवीतली हळद काढली, सुताच्या दोऱ्याला चोळली आणि माझ्या दोन्ही पायांच्या बोटांत एकेक दोरा बांधला. "जोडवे नाई तं हे तरी असू दे," म्हणाल्या. डॉक्टरीणबाई रागावतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "बांधा, पण ढिला बांधा."

दवाखान्याच्या आवारात तीन दगडांच्या चुलीवर सासूबाई माझं अळणी वरण शिजवत आणि स्वतःही तेच जेवत. "मीठ नसलं तं वरन कायचं, पिवळं पानी," असं रोज म्हणत, आणि रोज खात. त्यांना वेगळं करून घ्या म्हटलं तर म्हणाल्या, "तुह्यासाठी एक अन् माह्यासाठी एक, मी काय खानावळ घातली हाय?" पुढे मी बी.ए. झाले, आमच्या दोन्ही घरांतली पहिली पदवी, तेव्हा लोकांनी माझं कौतुक केलं. मला त्या दिवशी ते पिवळं वरण आठवलं.

रक्तदाब उतरेना म्हणून दिवस भरायच्या आधीच कळा आणवल्या. मुलगा झाला. खारीच्या पिल्लाएवढा, पण रडला. पाठोपाठ माझी सूज ओसरू लागली आणि दोरे गळून पडले. सासूबाईंनी ते पुन्हा नीट, बोटाच्या मापाने बांधले.

डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, अजून राहा, पारा अजून वरच आहे. पण पाचवी दोन दिवसांवर आली होती. पाचवीला सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते. "ते घरी येते बाई," सासूबाई म्हणाल्या. "तिले दवाखान्याचा पत्ता कोन सांगन?" आणि दुखणं पोटातलं होतं, ते बाळाबरोबर बाहेर पडलं, असंच आम्हा सगळ्यांना वाटत होतं. आम्ही घरी आलो.

बाळंतिणीच्या खोलीच्या झरोक्याला पोतं लावलं होतं, बाजेखाली शेगडी होती. दुसऱ्या दिवशी, पाचवीच्या दिवशीच, माझं कपाळ कोणी दोरखंडाने आवळावं तसं दुखू लागलं. डोळ्यांपुढे लोहाराच्या ऐरणीवरच्यासारख्या ठिणग्या उडत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "धुरानं दुखते. फडकं बांध अन् पडून राह्य." मी पडून राहिले. डोळे मिटले तरी ठिणग्या दिसतच होत्या, आणि आईलाही अशाच दिसल्या असतील का, एवढंच मनात येत होतं.

दुपारी सासूबाई पायांना तेल लावायला बसल्या. त्यांचा हात थांबला.

"दोरा रुतला वं."

त्यांनी दोऱ्याखाली नख घालून पाहिलं. गेलं नाही. दुसऱ्या पायाचं पाहिलं. तेलाची वाटी तशीच ठेवून त्या दारात गेल्या आणि मुलाला हाक मारली, "गाडी जुंप."

काकू सूप आणि हळदकुंकू मांडत होत्या. "आज पाचवी हाय ना! बाळंतीन उंबरा वलांडन काय? सटवाई येईन अन् लेकरूच घरी नाई."

"तिले म्हना, थांब जराक," सासूबाई बाळाला दुपट्यात गुंडाळत म्हणाल्या. "माय वाचली तं लेकराचं नशीब मागून लेह्यता येईन."

गाडीत त्यांनी माझ्या डोळ्यांवर पदर धरला आणि दुसरा हात सगळी वाट माझ्या पायावर ठेवला. दवाखान्याच्या पायरीपर्यंतचं मला आठवतं. तिथे मला झटका आला. पुढचं ऐकीव आहे: सुया, अंधार केलेली खोली, आणि दाराबाहेर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गप्प करणाऱ्या सासूबाई. शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावली गेली होती आणि बाळ कुठे आहे हे मला विचारता येत नव्हतं. त्यांनीच ते माझ्या कुशीत आणून ठेवलं.

रक्तदाब त्यानंतरही कितीतरी महिने उतरला नाही.

घरी परतल्यावर पाचवी उशिराने केली. पाटावर सटवाईसाठी कोरा कागद ठेवला, आणि लेखणी म्हणून सासूबाईंनी माझा शाळेतला टाक मागून घेतला. मग पदराची गाठ सोडून जोडव्यांचे कापलेले तुकडे कागदाशेजारी मांडले.

"हे कायले, आत्याबाई?" मी सासूबाईंना विचारलं.

"लेकराचं तं लेहीनच ते," त्या म्हणाल्या. "तुहं बी नव्यानं लेहून जाईन म्हनलं."