शिपायाच्या बोटाचं रक्त

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीच्या दवाखान्यात मी लॅब असिस्टंट होतो. कायम करण्याआधी प्रत्येक कामगाराचं रक्त मी काचेवर घ्यायचो. पेशी विळ्यासारख्या वाकल्या, की रिपोर्टवर ‘सिकल’. माणूस गेटाबाहेर. यातल्या बहुतेकांना स्वतःला काही होत नाही, ते फक्त पोराबाळांकडे जातं, हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं. पण कंपनीला झंझट नको होती.

माझा मावसभाऊ तिथे तीन वर्षं बदली कामगार म्हणून राबला. कायम व्हायची वेळ आली आणि त्याच्या पेशी वाकल्या.

“दादा, एकच शब्द बदलायचाय रे.”

“नियम म्हणजे नियम. उद्या प्लांटमध्ये मेलास तर?”

“मग साहेबांना सांग, रक्तात विळा आहे, गवत कापायला तरी ठेवा.”

तो हसला. मी ‘सिकल’ लिहिलं.

मग तोच मला उल्हासनगरला एका सिंधी वकिलाकडे घेऊन गेला. वकील म्हणाले, “जात बघून काढलं असतं तर मी सोडलं नसतं. यांनी रक्त बघून काढलंय. उसका कानून ही नहीं है, साईं.” थोड्या वेळाने म्हणाले, “असंच रक्त असलेला, तिथेच वर्षानुवर्षं ठणठणीत काम करणारा एक परमनंट माणूस आणा. एकच. मग लढून बघू.”

भावाने माझ्याकडे पाहिलं. “आहे का रे कोणी?”

“कोणी नाही.”

होता. त्याच्या शेजारच्याच खुर्चीत. नोकरीला लागताना डॉक्टर म्हणाले होते, तुझी स्लाइड तूच कर. केली, पाहिली, आणि धुऊन टाकली. मग सरावासाठी म्हणून शिपायाच्या बोटाला सुई टोचली आणि त्याचं रक्त माझ्या नावावर दाखवलं. भावाचा खोटा रिपोर्ट पकडला गेला असता, तर माझंही रक्त पुन्हा तपासलं असतं. नियमाचं काही नव्हतं.

केमिकल झेपणार नाही म्हणून काढलेला भाऊ शहाडला गोण्या उचलू लागला. हेंद्रेपाड्यात ठरलेलं त्याचं लग्न ‘खराब रक्त’ म्हणून मोडलं. हा शब्द मावशीच्या घरात मीच नेला होता.

माझ्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला मावशी मांजर्लीहून आली. त्याला मांडीवर घेऊन म्हणाली, “याला बापाचंच रक्त मिळू दे गं बाई.”

मिळालं होतं. आदल्याच आठवड्यात मी त्याची काच पाहिली होती.

“लाडू घे ना, मावशी,” मी म्हणालो.