मामांचं उपोषण आणि बरणीतला कोळी

लालबागच्या आमच्या खोलीत नऊ माणसं झोपत. मामा, मामी आणि मी कायमचे. बाकीचे गावाहून गिरणीत चिकटायला आलेले. या नवांत एकालाही स्वतःचा कोपरा नव्हता. तो होता फक्त माझ्या कोळ्याला. खिडकीच्या फळीवर मुरांब्याची रिकामी बरणी, तोंडाला मलमलचा तुकडा, आत एक वाळकी काडी आणि काडीवर साहेब.

हा जाळं विणून वाट बघत बसणाऱ्यांतला नव्हे. हा उडी मारून शिकार करणारा, तुरीच्या दाण्याएवढा, अंगावर मखमल, समोर मोटारीच्या दिव्यांसारखे दोन डोळे. तुम्ही डावीकडे सरकलात की तो डावीकडे वळून बघे, उजवीकडे गेलात की उजवीकडे. आमच्या खात्यातल्या साहेबानं माझ्याकडे इतकं लक्ष कधी दिलं नाही. माशी सोडली की दबकत जाई, थांबे, काडीला एक धागा चिकटवी आणि अशी झेप घेई, की एकदा त्या वाऱ्यानं मामींची चिमणी विझली. मामी म्हणतात रॉकेल संपलं होतं. मामींचा स्वभाव पहिल्यापासून असाच.

माशी मिळायची सकाळी, गिरणीचा पहिला भोंगा झाला की. मामा दाढी करता करता हा कार्यक्रम रोज बघत. बघून बघून त्यांना वाटायला लागलं की या प्राण्याचं सगळं आपल्याला कळलं, आणि घोळ झाला तो तिथंच.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मामा साचेखात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम. यंत्रांच्या वर आवाज चढवायची सवय, त्यामुळे त्यांनी गॅलरीत ‘झालाच पाहिजे’ म्हटलं की शीवच्या किल्ल्यावरची कबुतरं उडत. तर चाळीच्या कमिटीनं एक दिवसाचं उपोषण ठरवलं. तळमजल्यावरचे मास्तर अध्यक्ष. रात्री जेवणं आटोपल्यावर ते जिन्याखाली ठराव वाचत होते. मामांची अडचण झाली. मामींनी दुसऱ्या दिवसासाठी बांगडे सांगून ठेवलेले, तेव्हा अख्खा दिवस उपाशी काढणं जिवावर आलेलं. आणि सगळ्यांनी करायचं तेवढंच करणं हा तर मामांचा अपमानच. दोन्ही साधायचं म्हणून ते उठले आणि गरजले, की घड्याळ बघून उपाशी राहणं आपल्याला जमत नाही. ‘माझ्या भाच्याचा कोळी ज्या क्षणी माशी खाईल, त्या क्षणी मी घास घेईन. त्याच्या आधी पाणीसुद्धा नाही.’

चाळ थरारली. कुणाला काही कळलं नव्हतं, पण ऐकायला जबरदस्त होतं. मामांचा हिशेब सोपा होता: आत्ता जेवण झालंय, उद्या पहिला भोंगा झाला की कोळी खाणार, आपण चहाबरोबर उपोषण सोडणार.

ते खाली बसल्यावर मी त्यांच्या कानाशी लागलो. कोळी संध्याकाळपासून मलूल होता आणि बरणीच्या गळ्याशी पांढरी पिशवी विणत होता. म्हणजे तो कात टाकणार होता. मागच्या खेपेला टाकली तेव्हा मामा शिमग्याला गावी गेलेले.

“बरं, मग?” मामा म्हणाले.

“मग तो खात नाही.”

“म्हणजे दुपारपर्यंत नाही?”

“मागच्या खेपेला आठवडा गेला.”

मामांनी जिन्याकडे पाहिलं. तिथं लोक अजून टाळ्या वाजवत होते. “हे आत्ता सांगतोस होय रे?”

“तुम्ही आधी विचारलंत कुठं?”

सकाळी भोंगा झाला. दारात सगळी चाळ. मी माशी सोडली. ती बरणीभर फिरली, पिशवीवर चढली, कोळ्याच्या डोक्यावर बसून तिनं हातपाय घासले. कोळी हलला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “तोसुद्धा बसला रे उपोषणाला.”

झालं. दुपारी परळहून लोक आले, संध्याकाळी दादरहून. रांग जिन्यावरून रस्त्यावर, आणि रस्त्यावरून कुठवर गेली ते मी सांगत नाही, कारण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. मामांना झेंडूचा हार पडला, बरणीलाही पडला. बरणीचा जाड होता. मामांनी तो दोनदा हातानं चाचपून पाहिला.

पाण्याचा प्रश्न मास्तरांनी सोडवला. त्या रात्री कोळी पिशवीतून बाहेर आला आणि त्याच्या पाण्यासाठी बरणीत ठेवलेल्या ओल्या कापसाचा थेंब चोखून परत गेला. मास्तरांनी चष्मा पुसून निवाडा दिला, की जे कोळ्याला चालतं ते मामांना चालेल. लगेच मामांनी मला खाली वाकायला सांगितलं. उद्या कापूस चहात बुडव, म्हणाले, साखर जास्त. मी बुडवला. पण कोळ्यानं पिशवीचं दार लावून घेतलं होतं. मामा संध्याकाळपर्यंत त्या कापसाचा नुसता वास घेत पडून राहिले.

हसण्यासारखे दिवस पुढं राहिले नाहीत. मामांचा आवाज शीववरून परळवर आला, परळवरून गॅलरीच्या कठड्यापर्यंत. मामींनी मासळी घरात आणणं बंद केलं. आम्ही आठजण त्यांच्याकडे पाठ करून पेज प्यायचो. एक दिवस मामी सरळ ताट वाढून त्यांच्यापुढं बसल्या.

“जेवा. मी कोणाक सांगूचंय नाय.”

“आणि हे सातजण? उद्या साच्यावर पोरं मला काय म्हणून हाक मारतील? माशी?”

मामींनी ताट उचललं. जाताना बरणीकडे जे बघितलं, ते बघून मीच बरणी माझ्या उशाशी घेतली.

दुसऱ्या सकाळी मास्तर वाकून बघतात तर बरणीच्या तळाशी आठ पाय वर करून कोळी पडलेला, वाळून कोळ. मास्तरांनी टोपी काढली. गॅलरीत बातमी पोचेपर्यंत बायकांनी डोळ्यांना पदर लावले होते. मग हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली आणि सगळे मामांकडे बघायला लागले. मेलेला कोळी माशी कधी खाणार?

मामा उठून बसले. त्यांचा हात मामींना शोधत होता.

मी तो सांगाडा चिमटीत धरून उजेडात नेला. आत काही नव्हतं, आरपार दिसत होतं. मग पिशवीकडे बोट दाखवलं. आत एक फिकट, नवा कोरा, मोठा कोळी पाय ताणून बघत होता.

“ही त्याची कात,” मी म्हटलं. “तो आत आहे.”

“मग आता खाईल ना रे?” मामा.

कात टाकल्यावर त्याचे दात मऊ असतात, ते घट्ट व्हायला आणखी दोन दिवस लागतात, हे मी त्यांना सांगितलं. मामा परत आडवे झाले.

दोन दिवसांनी कोळी बाहेर आला आणि बरणीत येरझारा घालू लागला. अशी भूक मी कुणाच्या तोंडावर पाहिली नव्हती, मामा सोडून. आणि त्याच दिवशी हरताळ. मी माश्या धरायचो कोपऱ्यावरच्या गुळाच्या दुकानासमोर. दुकान बंद, फळी धुतलेली. एरवी लालबागात माशी तोंडात जायची. त्या दिवशी सगळ्या माश्यांनी मोर्चा काढल्यासारखं आकाश रिकामं. मी डबी घेऊन परळपर्यंत जाऊन हात हलवत परत आलो.

मामी उठल्या. मोरीवरच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढला. आत गावाहून आलेले सुके बांगडे. ते त्यांनी पाण्यात भिजवले आणि सुपात घालून गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवले. पाच मिनिटांत मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रातल्या सगळ्या माश्या तिथं हजर. मी डबी नुसती उघडी धरली.

माशी बरणीत गेली. कोळी वळला, दबकला, धागा चिकटवला. मास्तर, मामा, आठजण, कुणी श्वास घेत नव्हतं. आणि झेप.

मास्तरांनी लिंबूपाण्याचा पेला पुढं केला. मामांनी तो बाजूला सारला आणि बांगड्याला हात घातला. मामींनी हातावर चापट मारून आधी पेजेची वाटी दिली. कोळ्याची ती एक माशी संपेपर्यंत मामांच्या तीन वाट्या आणि एक बांगडा झाला.

पुढं मुंबई मिळाली. पेढे वाटताना मामा सांगत सुटले, की यात अर्धा वाटा त्यांचा. उरलेला अर्धा कुणाचा हे ते सांगत नसत. पण आवाज पुन्हा शीवला पोचल्यावर एका संध्याकाळी बोनससाठी जिन्याखाली सभा भरली, आणि मामा सदऱ्याच्या बाह्या वर करत दाराकडे निघाले. मामी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बोलूच्या आधी बरणीत बघून येवा.”

मामा मागं फिरले. खिडकीशी वाकले आणि बराच वेळ बघत राहिले.