टायपात सुटलेला शब्द

कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की मला आजही भद्रावतीजवळचं ते खाणीचं ऑफिस आठवतं. नव्वदीच्या दशकात मी तिथे टायपिस्ट होतो. आमचे साहेब बदलून चालले होते. जाताना त्यांनी रोजंदारीवरच्या चपराशाला स्वतःच्या हातानं इंग्रजी दाखला लिहून दिला. तो दाखवून त्याला दुसरीकडे कायम नोकरीसाठी अर्ज करायचा होता. टाइप मी करणार होतो.

दुसऱ्याच ओळीत अडलो. ‘अलॅक्रिटी’. हा शब्द मी कधी पाहिला नव्हता, आणि साहेबांना विचारायची लाज वाटली.

“डिक्शनरी कॉलनीच्या वाचनालयात असेल,” मी पुटपुटलो.

“मी आणतो न भाऊ!” दाराशी उभा चपराशी म्हणाला.

मे महिन्यातली दुपार. डोक्याला दुपट्टा गुंडाळून तो सायकलवर गेलासुद्धा. परतला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता, तरी हसत होता. “लय वजनदार हाये भाऊ हे. इतके शब्द बोलते कोन?”

मी अर्थ पाहिला. सांगितलेलं काम आनंदानं आणि लगेच करण्याची वृत्ती. तो समोरच घाम पुसत उभा होता.

“चांगलं लिवलं हाये ना?”

“हो.”

आणि मी टाइप केलं, काम ‘सॅटिसफॅक्टरी’. माझ्या कामाच्या वार्षिक अहवालात साहेब दरवर्षी तेवढंच लिहीत. मग याला जास्त कशाला? साहेबांनी न वाचता सही केली.

नोकरी त्याला मिळाली नाही. त्या एका शब्दानं मिळाली असती का, मला माहीत नाही.

काही वर्षांनी मोहर्लीच्या रस्त्यावर त्याच्या चहाच्या टपरीवर थांबलो. दाखला लॅमिनेशन करून भिंतीला लावलेला.

“साहेबांनी तुझ्यासाठी दुसरा शब्द लिहिला होता,” मी कसाबसा बोललो. “अलॅक्रिटी.”

“हे तं दवाईचं नाव वाटते! म्हंजे काय?”

“बोलावलं की हसत धावून येणारा.”

तो क्षणभर त्या कागदाकडे पाहत राहिला. “साहेबानं असं लिवलं होतं? माह्यासाठी?” मग माझ्या तोंडाकडे पाहून लगेच म्हणाला, “टायपात सुटला असन भाऊ. होते असं.”

मी ‘हो’ म्हणालो. तो माझ्यासाठी चहा ठेवायला वळला.