फाटकावरचा फलक

मालसुनबाई सोळा वर्षं कोरियातल्या एका आश्रयगृहाचं स्वयंपाकघर सांभाळत होत्या. त्याआधी नवऱ्याचा मार चुकवायला त्याच या घरात येऊन राहिल्या होत्या, त्यामुळे साहेबलोकांच्या कळवळ्याची त्यांना चांगलीच पारख होती.

घरात तेव्हा तिघी होत्या. सत्तरीच्या चोमबुन आजींचे पुढचे दात नवऱ्याने पाडलेले. त्यांना कवळी हवी होती. बहिऱ्या हेओकला कोर्टात खुणांची भाषा जाणणारं माणूस हवं होतं. व्हिएतनामहून लग्न होऊन आलेल्या बिकचा नवरा कोरियाभर तिला हुडकत फिरत होता. हे घर कुठे आहे ते त्याला कळू नये, एवढंच तिचं मागणं. मालसुनबाईंनी वर संस्थेच्या कचेरीत तीनदा लिहून कळवलं. वरून तिघींना मिळून सुगंधी मेणबत्त्या बनवण्याचा वर्ग आला. त्याने म्हणे मन शांत होतं.

नोव्हेंबरात किमची, म्हणजे हिवाळ्यापुरतं कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस आले, तसे संस्थेचे ग्वाक साहेब दानशूर बायकांचा ताफा घेऊन उगवले. गुलाबी एप्रन, तीनशे कोबी आणि फलक. फलकाशिवाय या मंडळींना दान पचत नाही. मालसुनबाई मागच्या अंगणात मिठातले कोबी निथळत ठेवून पुढे आल्या, तर फाटकावर हे लांबलचक कापड: ‘मारहाणीतून सुटलेल्या भगिनींना प्रेमाची किमची’, आणि खाली आश्रयगृहाचं नाव. ज्या घराचा पत्ता बायकांच्या आईबापांनाही सांगत नाहीत, त्या घराच्या फाटकावर.

त्यांनी हातातल्या सुरीनेच दोऱ्या कापल्या.

“अहो मावशी, फोटोपुरताच होता तो,” साहेब दुखावले. “आणि तुमच्या बायका फोटोत घेतल्याच नाहीत. तेवढी अक्कल आहे आम्हाला.”

“फोटो कुठंय?”

“टाकला की इंटरनेटवर, तासाभरापूर्वी. लोकांना फार आवडलाय.”

फोटोत फाटक होतं, शेजारचं सायकलचं दुकान होतं, त्याची पाटीसुद्धा स्वच्छ वाचता येत होती. बिकने तो पाहिला आणि पिशवी भरायला घेतली. दुपारच्या आत तिघींना, जागा मिळेल त्या गावी, तीन वाटांनी पाठवावं लागलं. संध्याकाळी बिकचा नवरा फाटकाला लाथा घालत होता.

आठवड्याने साहेबांचा फोन आला. किमची मुरली का, भगिनींना आवडली का, अहवालात लिहायचं होतं.

“लिहा,” मालसुनबाई म्हणाल्या, “किमचीचे चाळीस डबे आहेत आणि खायला बाई एकही नाही.”