आजोबांची ताकीद

अमेरिकेतल्या कॅरी गावात आमच्या घराजवळच्या दुकानात एक म्हातारे व्हिएतनामी शिंपी बसतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते तोंडात टाचण्या धरूनच बोलतात, आणि हसू आलं की आधी टाचण्या काढून ठेवतात.

त्यांच्या मशीनच्या वर एक जुना कागद फ्रेम करून लावलाय. त्याला रोज उदबत्ती असते. परवा पँट आखूड करायला गेलो, तेव्हा त्यावर काय लिहिलंय ते विचारलं.

"आजोबांचं अक्षर आहे. जुन्या चिनी लिपीतलं," ते म्हणाले. "मिशनरी आले, त्यांनी आमची भाषा रोमन अक्षरांत लिहिली. मग फ्रेंच सरकारने शाळांत तीच चालवली. आम्ही सगळे तीच शिकलो. माझे वडील तर त्याच अक्षरांत फ्रेंचांविरुद्ध पत्रकं लिहायचे. पण हा कागद घरात कुणालाच वाचता येईना. काहीतरी आशीर्वाद असेल म्हणून आयुष्यभर पुजला."

"मग?"

"गेल्या महिन्यात एका चिनी बाईंनी वाचून दाखवला." त्यांनी टाचण्या काढून ठेवल्या. "आजोबांनी लिहिलंय, माझ्या घरातल्या कुणीही पाद्र्यांची अक्षरं शिकू नयेत."

मी मोठ्याने हसलो. मग नागपूरच्या घरी कपाटात पडलेले आमचे मोडीतले कागद आठवले; तेही आमच्यात कुणाला वाचता येत नाहीत.

"आता मुलांना कळावं म्हणून खाली अर्थ लिहून लावणार आहे," ते म्हणाले.

"कुठल्या अक्षरांत?"

"पाद्र्यांच्याच. मला दुसरी येतात कुठे?"