तपासणीची अंडी

सुलक्षणा पेडणेकरला साधं "किती वाजले गं?" विचारलं तरी ती आधी म्हणायची, "तुला किती वाजल्यासारखं वाटतंय?" घरात या सवयीला सगळे विटले होते. कांद्याची टोपली कुठे ठेवलीस म्हणावं, तर ही विचारणार, "शेवटची कधी पाहिलीस?" तिची आई म्हणायची, "माझ्याच स्वयंपाकघरात माझी उलटतपासणी. हिला नवरा वकीलच मिळायला हवा, दोघं बसतील विचारत."

भांडुपच्या टेकडीखालच्या शाळेत चौथी ब ला मात्र याच सवयीचं वेड लागलं होतं. बाई उत्तरं सांगत नाहीत, हे एकदा कळल्यावर पोरांनी ती स्वतः शोधायचा धंदाच मांडला. मुंग्यांना साखर जास्त आवडते की गूळ, हे पाहायला साताठ घरांतले डबे उघडे राहिले. जूनमध्ये आलेल्या पोरांना सप्टेंबरपर्यंत प्रत्येक गोष्टीच्या खाली, आत आणि मागे काय आहे ते पाहायचं असायचं.

याचा पहिला फटका आयांना बसला. एकदा मधल्या सुट्टीत माणिकची आई, शेवंती, हातात तवा घेऊनच शाळेत आली.

"ओ बाई, ह्या माझ्या झीलान तापलेलो तवो थंड पाण्यात घातल्यान. म्हणता, चुर्र का होता ता बघूचा आसा. आता माझी भाकरी मधी कच्ची नि कडेक जळता."

सुलक्षणाने तवा हातात घेतला, डोळ्यांसमोर आडवा धरून पाहिला. मध्ये चांगला वर आला होता.

"शेवंतीकाकी, कडेलाच का जळत असेल?"

"तवो वाकडो झालो म्हणान."

"आणि तवा का वाकडा झाला?"

शेवंतीने तोंड उघडलं, मग तव्याकडे पाहिलं. भांडायला आलेल्या बाईला असा प्रश्न विचारणं म्हणजे अन्यायच होता. ती पुटपुटत निघून गेली. तिसऱ्या दिवशी भूगोलाचा तास चालू असताना वर्गाच्या खिडकीत तिचं डोकं दिसलं. "बाई, भायर थंड झालो नि मधी तापलेलोच रवलो, म्हणान. बरोबर काय?" सगळा वर्ग वळून बघत होता. माणिकला जमिनीत शिरावंसं वाटलं.

मुख्याध्यापक अनंत जोगळेकर यांना, म्हणजे मोठ्या सरांना, हे काही पसंत नव्हतं. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या घंटेपासून घडीच्या टेबलापर्यंत सगळं त्यांना जागच्या जागी लागायचं, आणि प्रश्नाची जागा त्यांच्या मते पुस्तकात, धड्याच्या शेवटी होती. पण सुलक्षणाला त्यांना दुखावून चालणार नव्हतं. सन चौऱ्याऐंशी होतं. वडिलांची गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती, आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. त्यातून तिची जागा तात्पुरती. वार्षिक तपासणीत शिक्षण खात्याचे साहेब बरा शेरा लिहून गेले तर कायम, नाहीतर जूनपासून घरी.

ती तपासणी जानेवारीत व्हायची होती. साहेबांच्या घरी कांजिण्या निघाल्या म्हणून पुढे गेली. मग कसल्याशा मीटिंगसाठी आणखी पुढे गेली. अखेर मार्चचा पहिला शनिवार ठरला.

त्या सुमारास चौथी ब मध्ये 'तरंगणाऱ्या व बुडणाऱ्या वस्तू' हा धडा चालू होता. पुस्तकातली यादी छोटी होती: लाकूड, बूच, लोखंड, दगड. वर्गाची यादी फळ्यावर मावत नव्हती. लिंबू तरंगतं, द्राक्ष बुडतं, चप्पल एक बुडते आणि एक तरंगते. ते का, यावर दोन दिवस गेले. मग मीरा उठली. मीरा म्हणजे दोन वेण्या घालणारी, हळू बोलणारी, पण एकदा धरलेलं न सोडणारी मुलगी.

"बाई, अंडं तरंगतं. मी गावाला बघितलं, आजीच्या घरी."

"हॅट," माणिक म्हणाला, "आमची आई रोज पाण्यात टाकते. दगडासारखं बुडतं."

"मी खोटं बोलते काय?"

"मग मी बोलतो?"

वर्गाचे उभे दोन भाग पडले. सुलक्षणाने फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, 'अंडं', आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. पण अंडं आणायचं कुठून? तव्याच्या प्रकरणापासून आया शहाण्या झाल्या होत्या. "अंडी काय खेळायला आणली?" असं उत्तर घरोघर मिळालं. आठ दिवस ते प्रश्नचिन्ह तसंच राहिलं. फळा पुसताना माणिक स्वतः त्याला वळसा घालायचा.

तपासणीच्या दोन दिवस आधी सुलक्षणा खडू आणायला मोठ्या सरांच्या खोलीत गेली. सरांनी लोखंडी कपाट उघडलं, आणि खडूंच्या खोक्याआधी कागदात गुंडाळलेला एक डबा दोन्ही हातांनी, देवाची पेटी काढावी तसा बाहेर काढला.

"काय आहे सर?"

"साहेबांची अंडी. ओव्हाळसाहेबांना ऑम्लेट आवडतं म्हणे. डझनभर आणून ठेवलीत."

"कधी आणली?"

"तपासणी ठरली तेव्हा. जानेवारीत."

सुलक्षणाने वर पाहिलं. वर पत्रा होता आणि पत्र्यावर मार्चचं ऊन. "अजून चांगली असतील?"

"अहो बाई, कवच बंद असतं. आत काय जाणार?" सर म्हणाले. सरांनी जन्मात अंडं खाल्लं नव्हतं. त्यांच्या लेखी ते चुन्याच्या डबीसारखं काहीतरी होतं. "आणि हे बघा, हे तुमचं विचारणं. परवा साहेबांसमोर तुम्ही एकही प्रश्न विचारायचा नाही. शब्द द्या."

सुलक्षणाच्या ओठांवर चौथा प्रश्न आला होता. तो तिने गिळला. "दिला शब्द," ती म्हणाली, आणि खडू घेऊन बाहेर आली.

दुपारी सर वर्गात आले, कोपऱ्यातलं प्रश्नचिन्ह त्यांनी स्वतः पुसलं आणि प्रत्येक मुलाला एकेक उत्तर वाटून दिलं. माणिकला 'लोखंड' आलं, मीराला 'बूच'. दोन दिवस वर्ग घोकत राहिला.

शनिवारी भीमराज ओव्हाळसाहेब आले. जाड चष्मा, खिशाला दोन पेनं, तीस वर्षांत शेकडो वर्ग पाहून शांत झालेला चेहरा. बाहेरच्या व्हरांड्यात शिपाई दादू स्टोव्हला पंप मारत होता. चौथी ब मध्ये सगळं झकास पार पडलं. साहेबांनी विचारावं, नेमून दिलेल्या मुलाने उठावं, सांगावं, बसावं. मोठे सर दाराशी उभे राहून ओठांनी प्रत्येक उत्तर पोरांबरोबर म्हणत होते. सुलक्षणा भिंतीला टेकून उभी होती, शब्द दिल्याप्रमाणे गप्प.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "काही शंका?"

हा प्रश्न ते प्रत्येक वर्गात विचारायचे, आणि त्यावर कुणी काही बोलत नाही, हाही रिवाजच होता. साहेब अर्धे उठलेसुद्धा. तेवढ्यात तिसऱ्या बाकावर एक हात वर झाला.

मोठ्या सरांनी सुलक्षणाकडे पाहिलं. सुलक्षणा छताकडे पाहत होती.

"बोल बाळ," साहेब म्हणाले. त्यांनाही जरा नवल वाटलं.

"साहेब, अंडं बुडतं की तरंगतं?"

"बुडतं," साहेब म्हणाले.

अर्धा वर्ग 'बघ, सांगत होतो ना' करत हलला. मीरा उभीच राहिली. "साहेब, तुम्ही बघितलंय?"

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. "आता तू विचारतेस तर... मुद्दाम असं नाही बघितलं."

"मग बघूया ना, साहेब," माणिक म्हणाला. त्याला आपली बाजू जिंकायची घाई झाली होती. "दादूमामांकडे आहेत की अंडी. तुमचीच."

मोठे सर दाराची चौकट धरून म्हणाले, "साहेब, मुलं जरा..." पण साहेब हसले. "आणा हो, दादू. खायच्या आधी पोहतील."

पिण्याच्या पाण्याची बादली पुढे आली. माणिकने पहिलं अंडं सोडलं. ते खाली जातंय असं वाटलं, आणि आरामात वर येऊन डोलायला लागलं. दुसरं वर आलं. तिसरंही. डझनच्या डझन अंडी बादलीत बदकांसारखी फिरत होती. मीराने वेणी मागे टाकली. माणिकचा चेहरा उतरला होता. त्याला आई खोटी पडल्यासारखं वाटत होतं.

"आमच्या घरचं खरंच बुडतं, साहेब."

"असं कसं?" साहेब आता बाकावर बसले होते. "काय बाई, कसं हे?"

सुलक्षणाने नुसती भुवई वर केली आणि वर्गाकडे पाहिलं. चौथी ब ला ती भुवई वर्षभर पाठ होती.

"तुमच्या घरी अंडी कधी आणतात?" मीराने माणिकला विचारलं.

"रोज सकाळी. खालच्या दुकानातून."

"आजीकडे टोपलीत खूप दिवस पडून होती." मीरा थबकली. मग तिने वळून दाराकडे पाहिलं, आणि अगदी आदराने विचारलं, "सर, ही अंडी कधी आणली?"

मोठ्या सरांना आयुष्यात प्रथमच इयत्ता चौथीतल्या एका मुलीने प्रश्न विचारला होता, आणि तो कुठल्याच धड्याच्या शेवटी नव्हता.

"संक्रांतीला," दादू शांतपणे म्हणाला.

"दादू, ती नासली असतील हे तुला ठाऊक होतं?" सर कसेबसे बोलले.

"मला कुठे कुणी विचारलं?"

मग जे व्हायचं ते झालं. आत काय आहे ते पाहिल्याशिवाय चौथी ब सोडणार नव्हती. साहेबही निघेनात. मैदानाच्या कडेला मीराने एक अंडं दगडावर आपटलं, आणि पुढच्या क्षणी चौथी ब, ओव्हाळसाहेब आणि मोठे सर एकाच वेळी, एकाच दिशेने, नाक धरून पळाले. टेकडीवरचा कावळासुद्धा उठून गेला.

साहेबांनी त्या दिवशी नुसता चहा घेतला. जाताना मोठ्या सरांना म्हणाले, "वाचवलं हो पोरांनी मला." आणि तपासणीच्या वहीत एकच ओळ लिहून गेले: 'चौथी ब: विद्यार्थी प्रश्न विचारतात.'

मोठ्या सरांनी ती ओळ दहादा वाचली. शेवटी वही घेऊन ते सुलक्षणाकडे आले. "बाई, ही स्तुती आहे की तक्रार?"

"तुम्हाला काय वाटतं, सर?"

सर म्हणाले, "तुम्ही शब्द दिला होता."

"मी एक तरी प्रश्न विचारला का, सर?"

आत्ता तिने दोन विचारले होते, पण साहेब गेल्यावर. सर वही मिटून निघाले, दाराशी थांबले आणि पाठमोरेच म्हणाले, "मी स्तुती समजतो."

जूनमध्ये कायम झाल्याचं पत्र आलं. संध्याकाळी ते पर्समध्ये घालून सुलक्षणा खालच्या दुकानात गेली, वडिलांना आवडतात म्हणून सहा अंडी मागितली. दुकानदार धोंडूशेटने अंडी पुढ्यात ठेवली आणि गल्ल्याखालून पाण्याने भरलेलं एक पातेलं काढून निमूटपणे तिच्यासमोर सरकवलं.

"हे काय?"

"तुम्हाला काय वाटतं?" धोंडूशेट वैतागून म्हणाला. "मार्चपासून अंडं पाण्यात टाकून बघितल्याशिवाय एकही पोर ते घेत नाही. टाका, टाका. तुमचीही हौस होऊन जाऊ दे."

सुलक्षणाने सहाही टाकली. सगळी बुडाली.