जुन्या कापा, नव्या ठेवा

माझा मामा शिंपी. आयुष्यभर कापडावर खडूची रेघ मारायची आणि त्याच रेघेवरून कात्री चालवायची, एवढंच त्याला ठाऊक. माणूस सरळ, इतका की कधी कधी राग यावा.

मागच्या अंगणातली रास्पबेरी मामीची. भिंतीला लागून काटेरी छड्यांची रांग, उन्हाळ्यात लाल फळांनी वाकलेली. मामा नुसता खायचा धनी. मग मामीला पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि शब्द उलटे झाले. "दार लावा" म्हणाली की उघडायचं, "गार" म्हणाली की गरम करून द्यायचं. आपण चुकलो हे तिला कळायचं, पण तोंडातून तेच यायचं. घरात रोजचा ध चा मा. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतील, एकेक करून. त्यांना बोलतं ठेवा. मामा त्याच आशेवर जगत होता. तोवर तिचा प्रत्येक शब्द उलटा करून घ्यायला तो शिकला, आणि त्यात इतका तरबेज झाला की मला चिडवायचा, भाचीबाई, तुला नाही जमायचं, याला संसार करावा लागतो.

फळं सरली आणि छड्यांचं रान माजलं. तिथून जाताना कपडे अडकायचे. मामी खिडकीत बसून ते बघत राहायची. एका दुपारी तिने बोट दाखवलं आणि सावकाश म्हणाली, "जुन्या कापा. नव्या ठेवा."

आजारपणात एवढं ती पहिल्यांदाच बोलली. मामा हरखला, आणि सवयीने त्याने ते उलटं केलं. हिरव्यागार छड्या त्याने जमिनीलगत कापल्या. तपकिरी, साल सुटलेल्या, फळून झालेल्या तेवढ्या ठेवल्या आणि सारखं अंतर सोडून सुतळीने बांधल्याही. शिंप्याचा हात, काम सुबकच होणार. मध्येच मामी डाव्या हाताने काच बडवायला लागली. त्याने वर बघून हात हलवला. मला सांगताना म्हणाला, "एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात. हिने वाजवली बघ."

त्या दिवसापासून मामी बोललीच नाही. चहा विचारला तरी मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. मामा तिच्यासमोर बसून वस्तूंची मुद्दाम चुकीची नावं घ्यायचा, निदान चूक काढायला तरी बोलेल म्हणून. चमच्याला कात्री म्हणायचा, उशीला परात. ती भिंतीकडे बघायची. मला ते बघवत नसे. मी भांडी घासायला उठायचे.

पुढच्या उन्हाळ्यात त्या तपकिरी छड्या हात लावताच कडकड मोडल्या. बुडातून नवे फुटवे आले होते, पण फळाचा पत्ता नाही. शेजारीण वाटीभर फळं घेऊन आली. तिची रास्पबेरी मामीनेच दिलेल्या फुटव्याची. आमची रांग बघून ती चुकचुकली. "अहो, एकदा फळली की ती छडी संपली. हिरवी असते ती पुढच्या वर्षी फळते. वहिनींनीच शिकवलं मला."

मामाने वाटी खाली ठेवली. "म्हणजे ती बरोबर बोलली होती," एवढंच म्हणाला. ती टाळी कसली होती, ते आम्हा दोघांनाही एकदमच कळलं.

तो आत जाऊन मामीसमोर जमिनीवर बसला. सगळं कबूल केलं. मग विचारलं, "माझ्यावर रागावलीस का गं?"

मामी त्याच्याकडे बघत राहिली. कितीतरी महिन्यांनी तिचे ओठ हलले.

"नाही," ती म्हणाली.

मामा स्वयंपाकघरात आला. गॅस पेटवला, बंद केला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "हे आता सरळ धरू, की उलटं?"